घडवणारा आणि ऐकणारा

मित्रहो,

आपण आज गिरगावात जमलो आहोत. इथून चालत जाण्याच्या अंतरावर प्रार्थना समाजाचं मंदिर आहे. रोज त्या बाजूने जाणाऱ्या अनेकांना ते नाव आता फक्त चौकापुरतं माहीत असतं. १८६७ साली मुंबईत हा समाज स्थापन झाला. त्याच्या सभासदांनी मूर्तिपूजा सोडली, अवतार नाकारले, पण या जगाला एक कर्ता ईश्वर आहे ही श्रद्धा सोडली नाही. त्याच्या दहा वर्षं आधी, १८५७ मध्ये, याच शहरात समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. धर्म कुणाचा खरा, यावर ते वाद होते. मला आज त्याच्याही मुळाशी जायचं आहे. कर्ता आहे असं मानायला कारणं कोणती, आणि शंका घ्यायला कोणती?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. 'देव आहे का?' असं आपण विचारतो तेव्हा त्यात दोन प्रश्न असतात. जग कुणी घडवलं, हा एक. आपली हाक कुणी ऐकतं का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर दिलेले पुरावे आपण दुसऱ्याच्या खात्यावर जमा करतो, आणि तिथे हिशेब चुकतो.

सगळ्यात जुना युक्तिवाद घड्याचा. घडा दिसला की कुंभार असणारच. जगही एक कार्य आहे, म्हणून त्यालाही कर्ता असणार. तर्कावर भर देणाऱ्या न्यायदर्शनात उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त ईश्वरसिद्धीची जी कारणं दिली, त्यातलं पहिलं हेच. त्यावरचा आक्षेपही तितकाच जुना. कुंभाराला घडे करताना आपण पाहिलंय, म्हणून एखादा घडा पाहून त्याची आठवण होते. जग तयार होताना कुणी पाहिलं? शिवाय कुंभाराला हात लागतात, माती लागते. हा आक्षेप बौद्धांनी घेतला, जैनांनी घेतला, आणि वेदांचा कट्टर कैवार घेणाऱ्या मीमांसकांनीही घेतला. निर्मात्याबद्दलची शंका विलायतेहून बोटीने आली, असं अजूनही व्यासपीठांवरून सांगितलं जातं. ते साफ खोटं आहे. सातव्या शतकातला मीमांसक कुमारिल भट्ट यज्ञ मानत होता, वेद मानत होता, आणि जगाचा निर्माता मानत नव्हता.

डोळ्याची रचना, पंखांची रचना हा पुरावा मी फार ताणत नाही. १८५९ साली डार्विनने त्याला पर्यायी उत्तर दिलं आणि ते टिकलं आहे.

पण विज्ञानातूनच आलेलं एक कारण मला मनापासून अस्वस्थ करतं, आणि नास्तिक मित्र ते हसण्यावारी नेतात तेव्हा मला वाईट वाटतं. फ्रेड हॉईल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. हॉईल उघड नास्तिक होते. विश्वाला आरंभ होता ही कल्पनाच त्यांना पटत नव्हती. 'बिग बँग', म्हणजे विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला या सिद्धांतासाठीचे शब्द, १९४९ साली बीबीसीवरच्या भाषणात त्यांनीच वापरले, आणि ते त्या सिद्धांताचे विरोधक होते. विश्व प्रसरण पावतं पण त्याला आरंभ नाही, असा स्थिर स्थितीचा सिद्धांत त्यांनी लावून धरला.

याच हॉईलना १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला एक कोडं पडलं. आपल्या शरीरातला कार्बन ताऱ्यांच्या पोटात तयार होतो. त्यासाठी हेलियमची तीन अणुकेंद्रं एकत्र यावी लागतात. पण दोन जुळून बेरिलियमचं जे केंद्र बनतं, ते जवळजवळ तत्क्षणी फुटतं. तेवढ्यात तिसरं येऊन मिळायचं, तर कार्बनच्या अणुकेंद्रात नेमक्या एका ठिकाणी ऊर्जेची पातळी असायलाच हवी. ती नसेल तर विश्वात कार्बन नावापुरताच उरेल. हॉईल अमेरिकेत कॅलटेक या विज्ञानसंस्थेत गेले आणि तिथल्या प्रयोग करणाऱ्यांना म्हणाले, ही पातळी शोधून पाहा. त्यांनी शोधली आणि १९५३ मध्ये ती सापडली, ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. पुढे हॉईल यांनीच लिहिलं की, कुण्या महाबुद्धीने भौतिकशास्त्राच्या नियमांत हात घातला असावा असं वाटतं.

यावर उत्तरं आहेत. विश्वं असंख्य असतील आणि ज्यात कार्बन जमला त्यातच आपण असणार, हे एक उत्तर. पण ती इतर विश्वं कुणी पाहिलेली नाहीत. मला दुसरं उत्तर जास्त वजनदार वाटतं. एखादी गोष्ट दुर्मीळ आहे असं म्हणायला तुलनेसाठी पुष्कळ उदाहरणं लागतात, आणि आपल्यापाशी विश्व एकच आहे. तरीही आश्चर्य उरतंच. जो माणूस या आश्चर्यापोटी कर्ता मानतो, त्याला मी अविवेकी म्हणणार नाही.

फक्त एक धोका सांगतो. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या आरंभाचा सिद्धांत निर्मात्याच्या बाजूने उभा केला. तो सिद्धांत मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः धर्मगुरू होते, आणि त्यांनाच हे रुचलं नाही. त्यांना आपलं गणित आणि आपली प्रार्थना वेगवेगळी ठेवायची होती. १९६५ मध्ये त्या आरंभाच्या खुणा म्हणून विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर मात्र पर्याय शोधत राहिले. उद्या पारडं पुन्हा फिरलं, तर प्रयोगशाळेच्या निकालावर बांधलेल्या श्रद्धेने कुठे जायचं?

आता समजा, महाबुद्धी मान्य केली. हातात काय आलं? कार्बनची पातळी बसवणारा कुणीतरी. तो दयाळू आहे हे त्यातून निघतं का? कुमारिलाने इथेच बोट ठेवलं. देवाने दयेपोटी सृष्टी केली म्हणता, तर सृष्टीच्या आधी दया करायला होतं कोण? आणि दयाच होती, तर सगळे सुखी का नाही केले? वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांनाही हा पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा आरोप घ्यावा लागला. त्यांचं उत्तर असं की, ईश्वर प्रत्येकाच्या कर्माप्रमाणे फळ देतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात: पाऊस सगळीकडे सारखाच, पण उगवतं ते ज्याच्या त्याच्या बीजाप्रमाणे.

हे उत्तर मला मुंबईत उभं राहून देता येत नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग दिसला आणि बघता बघता शहर रिकामं होऊ लागलं. दाटीवाटीच्या खोल्यांतून राहणारी गरीब माणसं पटापट मेली. त्यांत तान्ही मुलं होती. त्या मुलाचं मागचं कर्म काय होतं, असं त्याच्या आईसमोर म्हणायची माझी छाती नाही. माणसाच्या स्वातंत्र्यामुळे दुःख आहे, हे युद्धाबद्दल म्हणता येईल. प्लेग उंदरावरच्या पिसवांतून आला, त्यात कुणाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न नव्हता. ज्याने कार्बनची पातळी बसवली, त्यानेच पिसवेच्या पोटात तो जंतू बसवला असं मानावं लागतं. त्या वेळी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन हा शास्त्रज्ञ प्लेगची लस तयार करत होता, आणि जानेवारी १८९७ मध्ये ती त्याने आधी स्वतःला टोचून घेतली. मांडवीतल्या त्या हाकेला जे उत्तर आलं, ते मला इथे दिसतं. माझा कल संशयाकडे आहे तो याच कारणाने. आकाशाकडे पाहून नव्हे.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली. त्या विचारतात, निर्माता नाही म्हटलं तर सगळी माणसं समान आहेत हे कशाच्या आधारावर म्हणायचं? फार मोलाचा प्रश्न आहे. जोतीराव फुल्यांनी नेमका हाच आधार घेतला होता. १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात त्यांनी भट-मध्यस्थ झुगारले, पण निर्मिक, म्हणजे निर्माता, ठेवला. एकाच निर्मिकाची लेकरं, मग उच्च-नीच कुठून? जातिव्यवस्थेवर घाव घालायला त्यांना हा निर्मिक हवा होता. निर्माता मानण्याचं माझ्या दृष्टीने हे सर्वांत आदरणीय कारण आहे. पण ताई, निर्माता असावा असं वाटणं आणि तो असणं यांत अंतर उरतंच.

आणि फुल्यांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांनी तीच समता निर्मात्यावाचून उभी केली. त्यांनी बुद्धाचा मार्ग घेतला, ज्यात सृष्टिकर्त्या ईश्वराला जागा नाही. त्याच्या आधी, १७ ऑक्टोबर १९४९ रोजी, घटना समितीत ह. वि. कामत यांनी सूचना मांडली की राज्यघटनेच्या उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावाने व्हावी. विरोध करणाऱ्यांत देव मानणारेही होते. ज्याची त्याची श्रद्धा सगळ्यांच्या वतीने लिहू नये, असं त्यांचं म्हणणं. मतदान झालं. सूचनेच्या बाजूने ४१ आणि विरुद्ध ६८ मतं पडली. दर्जाची आणि संधीची समानता त्या उद्देशिकेत आहे, आणि ती देणारे आहेत 'आम्ही, भारताचे लोक'.