मामा तलावातली वनस्पती आणि न दिसणारं ऊन

[दृश्य: भंडारा जिल्हा. धानाच्या बांध्या, पलीकडे तलावाची पाळ.]

हा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे तलाव गावोगाव आहेत. धानाला पाणी इथलंच, ढिवरांचे मासे आणि शिंगाडेही इथलेच. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीतल्या दोघी मुलींनी इथून बादलीभर वनस्पती नेल्या. उन्हातले अतिनील किरण पाण्यातल्या वनस्पतींचं काय करतात, हे त्यांना पाहायचं होतं.

त्यासाठी दिवा हवा. पहिली नजर गेली घरच्या वॉटर फिल्टरमधल्या नळीवर. विज्ञानाच्या बाईंनी तिला हातच लावू दिला नाही, आणि बरं केलं. त्या नळीतून 254 नॅनोमीटरचे यूव्ही-सी, म्हणजे सगळ्यांत जहाल अतिनील किरण निघतात. डोळ्यांना आणि कातडीला ते भाजतात. शिवाय सूर्याचे यूव्ही-सी किरण वातावरण वरच अडवतं. त्या दिव्याखाली वनस्पती मेली असती, तरी तलावाबद्दल काहीच कळलं नसतं.

मग किराणा दुकानातला नोटा तपासायचा दिवा आला. हायड्रिलावर, म्हणजे तलावातून आणलेल्या एका पाणवनस्पतीवर, उलटं नरसाळं, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी, पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा. प्रकाशसंश्लेषणात सुटणाऱ्या ऑक्सिजनचे बुडबुडे मोजणं सुरू.

"बाई, बुडबुडे तं तेवढेच हायेत जी!"

असणारच. तो दिवा यूव्ही-ए, म्हणजे सगळ्यांत सौम्य अतिनील किरणांचा, आणि तोही मिणमिणता.

[दृश्य: अंधारी खोली. काचेच्या नळीत हिरवा द्रव.]

पण त्याच दिव्याने वेगळीच गंमत दाखवली. हायड्रिलाची पानं स्पिरिटमध्ये खलून गाळली की गर्द हिरवा द्रव मिळतो. त्यावर दिवा धरला, की तो लालभडक दिसतो! जिवंत पानात हरितद्रव्याने शोषलेली बरीचशी ऊर्जा अन्न तयार करायला जाते. पानातून बाहेर काढलेल्या हरितद्रव्याला ती सोय राहत नाही. मग ते त्यातली थोडी ऊर्जा लाल उजेड म्हणून परत टाकतं.

खरी चाचणी उन्हातच करायची होती. शाळेच्या गच्चीवर दोन टब ठेवले. एकावर खिडकीची काच, दुसऱ्यावर स्वच्छ पातळ पॉलिथिन. काच बहुतेक यूव्ही-बी (मधल्या ताकदीचे अतिनील किरण) अडवते, साधं पॉलिथिन ते बरंचसं आत सोडतं. पॉलिहाऊसचा कागद मात्र चालत नाही. त्यात बहुधा अतिनील शोषणारं द्रव्य मिसळलेलं असतं.

दोन्ही टबांत वर तरंगणारी लेम्ना, तिळाएवढ्या पानांची, आणि तळाशी हायड्रिला. पॉलिथिनखाली लेम्ना हळू पसरली. हायड्रिलात डोळ्यांना दिसेल असा फरक नव्हता.

यूव्ही-बी किरण पेशीतल्या डीएनएला आणि प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेला इजा करतात. पण पानं कुजून तलावाचं पाणी तपकिरी होतं, आणि ती विरघळलेली द्रव्यं हे किरण वरच्या थरातच शोषतात. टबातलं पाणी तलावाचंच होतं. त्यामुळे मार वरच्या लेम्नावर पडला असावा, असा मुलींचा अंदाज.

अंदाजच म्हणायचा, कारण काचेखालचं पाणी जास्त तापत होतं. लेम्ना त्या उबेनेही जोरात वाढली असेल! आता दोन्ही टबांत थर्मामीटर आहेत, आणि काच-पॉलिथिन दोन्ही चार बोटं वर उचललेत, वारा खेळावा म्हणून. शेजारी तिसरा टब मांडलाय. त्यात पाणी बोअरचं, नितळ. हायड्रिला तीच, झाकण पॉलिथिनचं.