नळ्या बंद म्हणाले, पण कुठे?

नमस्कार श्रोतेहो. पाळी वेळेवर येते, मग दिवस का राहत नाहीत, असं अनेक भगिनी विचारतात. स्त्रीबीज आणि शुक्रजंतू एकत्र येतात ते गर्भनलिकेत. नळ्या बंद असल्या तरी पाळी येतच राहते. पुन्हा सांगते, पाळी नियमित आहे म्हणजे नळ्या मोकळ्या आहेत असं धरून चालू नका.

तासगावकडच्या एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. द्राक्षबागायतदार घर. पिशवीतून एचएसजीची, म्हणजे गर्भाशयात औषध सोडून काढलेल्या नळ्यांच्या एक्स-रेची, फिल्म काढून म्हणाल्या, "दोन्ही नळ्या बंद हायत म्हणं हिच्या. पोराचं दुसरं लगीन लावावं का, तेवढं सांगा." सून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मी फिल्म उजेडात धरली. औषध गर्भाशयाच्या दोन्ही कोपऱ्यांशीच अडलेलं. विचारलं, "तपासताना दुखलं का गं?" ती पहिल्यांदा बोलली, "लई कळ आली, अंग आवळून धरलं मी." कळ आली की कधी कधी नळीचं तोंडही आवळतं आणि चांगली नळी बंद दिसते. दुर्बिणीतून बघितलं, निळं औषध सोडलं, तर डाव्या नळीच्या टोकातून ते टपटप गळायला लागलं! उजवी मात्र लहानपणी फुटलेल्या अपेंडिक्समुळे आतड्याला चिकटलेली.

सासूबाईंना विचारलं, मुलाची वीर्यतपासणी? ती कुणी केलीच नव्हती. म्हणाल्या, "छाटणी उरकली की आणते." मी म्हटलं, छाटणीआधी आणा. बागेची फवारणी एक दिवस चुकत नाही आणि घरातल्या माणसांची तपासणी मात्र हंगामामागून हंगाम पुढं ढकलतात, याचा मला फार राग येतो. आणलं त्यांनी मुलाला. रिपोर्ट चांगला आला, आणि पुढच्या हंगामाआधी सुनेला दिवस राहिले.

सगळ्यांच्या नळ्या अशा निघत नाहीत. जुना जंतुसंसर्ग, गर्भपातानंतरचा संसर्ग, गर्भाशयाचा क्षय यांनी नळ्या खरोखर बंद होतात. हा क्षय खोकल्याशिवायही असतो. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. गर्भाशयालगतचा अडथळा बारीक तार घालून उघडता येतो. नळीत पाणी साठून ती फुगली असेल तर आधी ती काढतात किंवा बांधतात, मग टेस्ट ट्यूब बेबी. १९७८ साली जन्मलेल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या, लुईस ब्राऊनच्या, आईच्या नळ्याच बंद होत्या.

आणि नळीचा त्रास असलेल्या भगिनींनो, पाळी चुकली की लगेच सोनोग्राफीची तारीख विचारून घ्या. गर्भ नळीतच अडकण्याचा धोका तुम्हाला जास्त असतो. पोटात एका बाजूला कळ, चक्कर, थोडं रक्त दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.