कॅमेरा नंतर, कॅसेट आधी

नमस्कार मंडळी. हल्ली तरुण मुलं जुने हॅंडीकॅम शोधत जुन्या बाजारात फिरतात. त्यातली दोघं-तिघं माझ्याकडेही येऊन गेली. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "काका, झूम किती हवा?" मी म्हणतो, "अरे, आधी सांग, शूटिंग साठणार कशावर?" हे मी इतक्या पोटतिडकीने का विचारतो, ते सांगू द्या.

२००६ साली माझ्या मुलीचं बारसं होतं. त्यासाठी नवाकोरा डीव्हीडी कॅमेरा घेतला. दुकानदार म्हणाला, कॅसेट रिवाइंड करायची कटकट नाही. तबकडी काढायची की प्लेअरमध्ये घालायची. पटलं मला. तबकडी आठ सेंटिमीटरची, तळहातावर मावणारी, १.४ जीबीची. चांगल्या क्वालिटीत वीस मिनिटं, साध्या क्वालिटीत अर्धा तास. आता तुम्हीच सांगा, बारसं कधी वीस मिनिटांत उरकतं का? पाहुण्यांचा चहा, मग 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या', मग आत्याने कानात नाव सांगायचं, मग तिच्या पाठीत धपाटे! हे सगळं होऊन माझी आजी पाळणा म्हणायला बसली. नव्वदीची होती. पाळण्याची दोरी धरलेला तिचा हात, मनगटावरचं हिरवं गोंदण, मी अगदी जवळून घेतलं होतं. तेवढ्यात तबकडी भरली.

ही तबकडी 'फायनलाइज' करावी लागते. म्हणजे शेवटी कॅमेऱ्याकडून तिची अनुक्रमणिका लिहून घ्यायची, तरच ती दुसऱ्या प्लेअरवर चालते. हे मला दुकानात कुणीही सांगितलं नाही. आम्ही कॅमेरा टीव्हीला जोडून बघायचो, त्यामुळे कळलंही नाही. पुढच्या पावसाळ्यात कॅमेरा बंद पडला. लेझर गेली, पार्ट मिळत नाही, असं उत्तर मिळालं. कॉम्प्युटरने तबकडी रिकामी म्हणून सांगितली. पण उजेडात तिरकी धरली की आतून बाहेरपर्यंत वेगळ्या छटेचा पट्टा स्पष्ट दिसतो. शूटिंग डोळ्यांना दिसतंय आणि बघता येत नाही! अशा तबकड्यांसाठी खास सॉफ्टवेअर असतं; त्यातून आमची सुरुवातीची चार मिनिटं निघाली. त्यात पाहुणे चहा पितायत. आजी २००९ साली गेली.

आणि मामांच्या लग्नाची १९९१ सालची व्हिडिओ-८ (जुन्या ॲनालॉग पद्धतीची छोटी) कॅसेट? परवाच बघितली. रंग थोडे उतरलेत, पण मुंडावळ्यांचा मणी न् मणी दिसतो.

आयोजकांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं राहिलीत. मुद्द्याचं पटापट सांगतो.

मिनीडीव्ही, म्हणजे छोटी डिजिटल कॅसेट, १९९५ पासूनची. सेकंदाला २५ मेगाबिट, तासाला साधारण १३ जीबी. यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठते, त्यामुळे कुठेही कापता येतं आणि फीत जराशी बिघडली तर तेवढाच तुकडा जातो. माझी पसंती हिलाच. अडचण एकच, कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला फायरवायर नावाची जोडणी लागते आणि आजच्या लॅपटॉपला ती खाच नसते. त्यासाठी एखादा जुना कॉम्प्युटर राखून ठेवा.

घरात व्हिडिओ-८ किंवा हाय-८ (तिचीच सुधारित आवृत्ती) च्या कॅसेट पडून असतील तर डिजिटल-८ कॅमेरा घ्या. १९९९ साली आला; सिग्नल मिनीडीव्हीचाच, कॅसेट हाय-८ ची, ९० मिनिटांच्या कॅसेटवर एक तास. काही मॉडेल जुन्या ॲनालॉग कॅसेटही वाजवतात, सगळी नाही. मामांचं लग्न अशाच मॉडेलवर बघितलं.

एचडीव्ही, म्हणजे हाय-डेफिनिशन चित्राची पद्धत, २००३ ची, कॅसेट मिनीडीव्हीचीच, पण फ्रेमा एकमेकींवर अवलंबून. फितीत डाग आला तर अर्धा सेकंद चित्र थिजतं. हार्डडिस्कवाल्या कॅमेऱ्यांत डिस्क बिघडली की सगळं एकदम जातं. मेमरी कार्डवर साठवायची एव्हीसीएचडी ही पद्धत, २००६ पासून, कॉपी करायला सगळ्यात सोपी. पण सुट्या क्लिप उचलू नका, अख्खा फोल्डर घ्या.

कोकणातल्या मंडळींनी कॅसेट कोरड्या डब्यात, उभ्या ठेवाव्यात. दमट हवेत फितीला बुरशी येते. आणि कॅमेरा घ्यायला जाताना स्वतःची कोरी कॅसेट न्या. पाच मिनिटं शूट करून तिथेच लावून बघा. चित्रात चौकोनी ठिपके आले तर हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, मळलेलं आहे किंवा झिजलेलं.

ती तबकडी आज सोबत आणली आहे. इथे टेबलावर ठेवतो. जाताना खिडकीपाशी धरून तो पट्टा बघून जा.