एकच शस्त्रक्रिया, दोन जावा

(दृश्य: जळगाव जिल्ह्यातील एका गावातले जुने घर. ओसरीवर दोन रिकाम्या खुर्च्या. मागे केळीची बाग.)

खानदेशातील एका एकत्र कुटुंबात दोन जावा आहेत, असे समजू. ही कोणा एका घराची हकीकत नाही. या भागात सहज भेटतील अशा दोन स्त्रिया उदाहरणापुरत्या आपण समोर ठेवत आहोत. दोघींची उंची 155 सेंटीमीटर. थोरलीचे वजन 128 किलो, धाकटीचे 98. एकाच वर्षी, एकाच शल्यचिकित्सकाकडे दोघींची वजन घटवण्यासाठीची, ‘स्लीव्ह’ म्हणून ओळखली जाणारी शस्त्रक्रिया झाली, म्हणजे दुर्बिणीच्या साहाय्याने जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकण्यात आला आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी तेवढी ठेवण्यात आली. केळ्याची ही उपमा जगभरातले डॉक्टर वापरतात. केळीचे आगर असलेल्या रावेर-यावलच्या रुग्णाला मात्र ती चित्र काढून दाखवावी लागत नाही.

दीड वर्षाने धाकटी 72 किलोंवर आली आणि थोरली 94 वर थांबली. गल्लीने निकाल देऊन टाकला: धाकटीला ऑपरेशन लागू पडले, थोरलीने पथ्य पाळले नाही.

(दृश्य: वजनकाटा, वही, पेन्सिलीने केलेली आकडेमोड.)

हा निकाल तपासायला घेतला की पहिली शंका मोजमापाचीच येते. बरीच वर्षे या शस्त्रक्रियेचे यश ‘जादा वजनापैकी किती टक्के गेले’ या मापाने मोजले गेले. बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) 25 हा पाया धरला, तर 155 सेंटीमीटर उंचीला 60 किलो वजन योग्य ठरते. धाकटीकडे 38 किलो जादा होते, त्यांपैकी 26 गेले. म्हणजे 68 टक्के. थोरलीकडे 68 किलो जादा होते, त्यांपैकी 34 गेले. म्हणजे 50 टक्के. आता दुसरे माप लावू आणि मूळ वजनाच्या किती टक्के वजन उतरले ते पाहू. धाकटीचे 26.5 टक्के आणि थोरलीचेही जवळजवळ तेवढेच, 26.6. ज्या थोरलीला नापास केले, तिने धाकटीपेक्षा आठ किलो अधिक घटवले आहेत. शिवाय भारतीयांसाठी पाया 25 ऐवजी 23 धरावा असे ठरवले, तर धाकटीचे तेच 26 किलो 68 टक्क्यांवरून 61 टक्क्यांवर येतात, आणि तिच्या अंगात मात्र काहीही बदललेले नसते. दोन रुग्णांची किंवा दोन रुग्णालयांची तुलना करणारे आकडे ऐकले की ते कोणत्या मापाने काढले आहेत, हे आधी विचारावे.

तरीही सगळा फरक मोजमापाचा नसतो. सारखे वजन आणि सारखी शस्त्रक्रिया असलेल्या दोन रुग्णांत एकाचे वजन चाळीस टक्क्यांनी उतरते आणि दुसऱ्याचे पंधरावर अडते, असेही घडते. स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या 2010 जणांचा माग ठेवण्यात आला. त्यात बायपास (जठराची छोटी पिशवी करून आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळण्याची शस्त्रक्रिया) झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्क्यांनी उतरले आणि दहा वर्षांनी ही घट 25 टक्के उरली. जठराला पट्टा बसवलेल्यांत हेच आकडे 20 आणि 14 होते. यातून दोन गोष्टी कळतात. शस्त्रक्रियेचा प्रकार बदलला की निकाल बदलतो, आणि तळाला पोहोचलेले वजन पुढे थोडे वर येणे हे जवळपास सर्वच प्रकारांत दिसते. त्या सरासरीच्या दोन्ही बाजूंना किती माणसे किती दूरवर पसरलेली असतात, ते मात्र सरासरी सांगत नाही.

(दृश्य: देव्हाऱ्यालगतच्या भिंतीवर कुटुंबाचे जुने छायाचित्र.)

एका अमेरिकी संशोधक गटाने 2011 मध्ये एक साधा पण मार्मिक प्रश्न विचारला. बायपास झालेल्या रुग्णांमध्ये सख्खी भावंडे किंवा आई-मूल अशा जोड्या होत्या, आणि रक्ताचे नाते नसूनही एका घरात राहणाऱ्या जोड्याही होत्या. रक्ताच्या नात्यातल्या जोडीदारांची वजनघट एकमेकांशी बरीच मिळतीजुळती निघाली. एका छपराखाली राहून एकाच स्वयंपाकघरातले खाणाऱ्या, पण नाते नसलेल्या जोड्यांत तसे साम्य आढळले नाही. आपल्या दोन जावांना हे तंतोतंत लागू पडते. चूल एक असली तरी दोघींची माहेरे वेगळी आहेत. थोरलीचा निकाल कसा येईल याचा अंदाज बांधायचा असता, तर धाकटीपेक्षा थोरलीच्या भावाकडे पाहणे अधिक उपयोगी ठरले असते.

अनुवंशातून नेमके काय येते, याचा उलगडा अजून पुरता झालेला नाही, पण ते कुठून काम करते याची कल्पना आहे. ही शस्त्रक्रिया केवळ पोटाची पिशवी लहान करते, हा समज जुना झाला. 1999 मध्ये शोध लागलेले घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघून जातो. अन्न आतड्यात लवकर पोहोचू लागल्याने जीएलपी-1 आणि पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरके जेवणानंतर पूर्वीपेक्षा जास्त स्रवतात. हा बदल कोणात ठळक होतो, कोणात फिका. ज्याच्यात फिका, त्याला काही महिन्यांतच पुन्हा भूक जाणवू लागते. त्यातच वजन उतरले की शरीर विश्रांतीच्या वेळची ऊर्जा वाचवू लागते, आणि ही काटकसर कोणाचे शरीर किती करील, तेही सारखे नसते.

बायपासच्या बाबतीत आणखी एक शारीरिक फरक येतो, ज्याची चर्चा फार कमी होते. लहान आतड्याची लांबी माणसामाणसांत कित्येक मीटरने कमीजास्त असते. कोणाचे चार-पाच मीटर, कोणाचे आठ. शल्यचिकित्सकाने दोघांचेही दोन मीटर आतडे वगळले, तर पहिल्याकडे अन्न शोषायला जेमतेम काही मीटर उरतात आणि दुसऱ्याकडे भरपूर. पहिल्याचे वजन अधिक उतरेल, पण कुपोषणाचा धोकाही त्यालाच अधिक.

बीएमआय सारखा असला म्हणून शरीर सारखे नसते, याचा सुप्रसिद्ध दाखला पुण्याचाच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी काढलेले छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचा बीएमआय 22.3, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. भारतीयांत कमी वजनालाच पोटाची चरबी आणि मधुमेह दिसतो तो यामुळे, आणि 2022 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई रुग्णांसाठी शस्त्रक्रियेचा विचार बीएमआय 27.5 पासून करण्यास मोकळीक दिली आहे, तीही यामुळेच.

मधुमेहाचे गणित तर वजनापासून काहीसे वेगळेच चालते. धाकटीला दोन वर्षांचा मधुमेह होता आणि ती गोळ्यांवर होती. तिच्या गोळ्या बंद झाल्या. थोरली अकरा वर्षांपासून मधुमेही आणि इन्सुलिनवर होती. तिच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी एव्हाना इतक्या थकल्या होत्या की 34 किलो उतरूनही साखर औषधाविना ताब्यात राहीना. इन्सुलिनची मात्रा तेवढी कमी झाली. आजाराची वर्षे, इन्सुलिनची गरज आणि वय पाहून हा अंदाज शस्त्रक्रियेपूर्वीच बांधता येतो. तो रुग्णाला आधी सांगितला, तर नंतरची निराशा पुष्कळच टळते.

(दृश्य: स्वयंपाकघर. खापरावर मांडा. आमरसाचे पातेले.)

आता पथ्याकडे येऊ, कारण गल्लीचा आरोप तिथलाच आहे आणि तो पूर्णपणे खोटाही नाही. स्लीव्ह झालेल्या पोटात कळण्याची भाकरी पाव चतकोरही मोठ्या मुश्किलीने उतरते. ज्वारी आणि उडदाच्या त्या भाकरीत प्रथिने बऱ्यापैकी आहेत, पण दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिने हवीत, आणि तेवढी भाकरी जाते कुठे? म्हणून डाळ, पनीर, अंडी किंवा मासे आधी आणि भाकरी शेवटी, असा क्रम आहारतज्ज्ञ घालून देतात. भाकरी अडते, पण आमरस अडत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलेल्या लेकीच्या वाटीत दोनदा रस वाढला गेला, की तो त्या अरुंद नळीतून विनासायास खाली उतरतो आणि पोट भरल्याची जाणीव होण्याआधी काहीशे कॅलरी अंगी लागलेल्या असतात. केळीच्या वेफरचेही तेच. चावून मऊ झाले की ते जागा अडवत नाहीत. बायपासच्या रुग्णाला गोड रसानंतर घाम, धडधड, चक्कर असा त्रास होऊ शकतो आणि तो त्रासच त्याला आवरतो. स्लीव्हच्या रुग्णात हा चाप बहुधा सैल असतो. रसाची वाटी एकच, पण शस्त्रक्रियेच्या प्रकारानुसार तिचे फळ वेगळे.

वरण-बट्टीच्या पंगतीत ‘घ्या ना भो, एकच बट्टी’ हा आग्रह प्रेमाचा असतो, आणि तुपात बुडालेली ती बट्टी नाकारणाऱ्याला आजारी किंवा गर्विष्ठ यांपैकी काहीतरी एक ठरावे लागते. हे ओझे थोरल्या सुनेवर अधिक, कारण वाढणारी तीच, उरलेले संपवणारीही बहुतेक तीच. त्यात उन्हाळा. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे जातो, आणि शस्त्रक्रियेनंतर तांब्याभर पाणी एका दमात पिता येत नाही. घोट घोट, दिवसभर प्यावे लागते. हे जमले नाही की शरीरातले पाणी घटते, आणि गारव्यासाठी सरबत, उसाचा रस यांची सवय लागली की वजन थांबते. थंडीत शस्त्रक्रिया झालेल्या आणि उन्हाळ्याच्या तोंडावर झालेल्या रुग्णांना पहिले तीन महिने वेगवेगळ्या सूचना द्याव्यात, असे आम्हाला वाटते.

(दृश्य: जळगाव रेल्वे स्थानक, पहाटे.)

ज्यांची शस्त्रक्रिया मुंबईत झाली, त्यांना जळगावहून तपासणीला जायचे तर रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटर आणि सोबत कोणीतरी हवे. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव किंवा अक्कलकुव्याहून निघणाऱ्याचा प्रवास तर रेल्वेपर्यंत पोहोचण्यापासूनच सुरू होतो. पहिल्या वर्षी माणसे जातात. वजन उतरायचे थांबले की जाणे थांबते, कारण आता बोलणी खावी लागतील अशी भीती असते. नियमित तपासणीला येणाऱ्यांचे निकाल बरे दिसतात, हे पुष्कळ ठिकाणी आढळले आहे. अर्थात निकाल बरा असणारेच आनंदाने येतात, हेही त्यात मिसळलेले असणार.

थोरली दीड वर्षानंतर गेलीच नाही. तिसऱ्या वर्षी वजन 99 झाले, जिना चढताना दम लागू लागला, तेव्हा धाकटी तिला घेऊन गेली. तिथे आधी रक्त तपासले. लोह आणि बी-12 दोन्ही कमी निघाले. लोह-जीवनसत्त्वांच्या गोळ्या वर्षापूर्वीच बंद झालेल्या, थकव्यामुळे चालणे सुटलेले. गुडघ्यासाठी गावात दिलेल्या औषधांत स्टेरॉइड होते, जे स्वतःच वजन वाढवते. नळी ताणली गेली आहे का, हे पाहण्यासाठी दुर्बिणीची तपासणी ठरली. गरज पडली तर सेमाग्लुटाइडसारखी भूक कमी करणारी औषधे किंवा दुसरी शस्त्रक्रिया यांचा विचार त्यानंतर होईल, असे सांगण्यात आले.

मग आहारतज्ज्ञाने नव्या कागदावर 128 लिहिले, त्याखाली 99 लिहिले, आणि वजाबाकी थोरलीला करायला सांगितली.

(दृश्य: कागद. पेन. 29.)