खाडा, वही आणि सव्वाआठची बस

(साताऱ्यातल्या काही जणींनी कामाला जाणाऱ्या बायकांचा गट सुरू करायचं ठरवलं. त्यांच्या पहिल्या बैठकीत, सांगलीत असा गट चालवणाऱ्या एका कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचं हे संपादित रूप.)

मैत्रिणींनो, उशीर झाला, माफ करा. एसटीला दोष देणार नाही. ठरलेली बस माझीच चुकली, मागची मिळाली. पोवई नाक्यावरून इथवर जवळजवळ पळत आलेय, तेव्हा आधी घोटभर पाणी पिते.

हं. तुमच्या पत्रकावर ‘नोकरदार महिला’ असं छापलंय. सहा वर्षांपूर्वी आम्हीही हेच छापलं होतं. पहिल्या बैठकीला बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जाणारी एक बाई आली. मुलीनं पत्रक वाचून दाखवलं म्हणून आली होती. दारातच थांबली आणि म्हणाली, “नोकरी तुमची हाय, आम्ही कामाला जातो. बसू का?” आम्ही सगळ्या एका सुरात “बसा, बसा” म्हणालो, पण पत्रक चुकलं होतं हे तेव्हाच कळलं.

बरं, दुसरा शब्द आणायचा कुठून? ‘वर्किंग वुमन’चं सरळ मराठी केलं तर ‘कामवाली’ होतं. आता बँकेतल्या मॅनेजरबाईंना कामवाली म्हणून बघा! इंग्रजीत ज्या शब्दानं खुर्ची मिळते, मराठीत त्याच शब्दानं भांडी पुढ्यात येतात. श्रमिक, कष्टकरी, उद्योगिनी, सगळं घासून पाहिलं. प्रत्येक शब्दाला कोणीतरी नाक मुरडलंच. शेवटी नाव ठेवलंच नाही. बैठक सव्वासहाला भरते म्हणून लोक आम्हाला ‘सव्वासहावाल्या’ म्हणतात. आमची काही हरकत नाही.

त्या सव्वासहाचीही एक गोष्ट आहे. पुरुषांच्या ओळखी कुठे होतात? पानटपरीवर, कट्ट्यावर, सोसायटीच्या निवडणुकीत, लग्नाच्या मांडवात. त्याला कोणी ‘नेटवर्किंग’ म्हणत नाही. रात्री नऊला चौकात अर्धा तास उभं राहिलं की कुठे गाळा रिकामा होतोय, कर्जाला कोणत्या बँकेत जायचं, सगळं कळतं. बाई रात्री नऊला कुठे असते? ओट्याशी. तिची कामातली ओळख कामाची वेळ संपली की संपते.

आम्ही सुरुवातीला शनिवारी रात्री एका हॉटेलचा हॉल घेतला. वर्गणी हजार रुपये. डॉक्टर आल्या, वकील आल्या, कार्डं वाटली गेली, पनीर खाल्लं. तिसऱ्या वेळी आम्ही चौघीच होतो आणि पनीर उरलं. मग स्टँडजवळच्या शाळेचा वर्ग मागून घेतला. कामं सुटल्यावर आणि बस लागायच्या आत, चाळीस मिनिटं. वर्गणी वीस रुपये. बाक पहिलीच्या मुलांचे, गुडघे हनुवटीला लागतात. पण तिथे माणसं टिकली.

ही ती वही. साधी दोनशे पानी. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे ‘मला काय येतं’, उजवीकडे ‘माझं काय अडलंय’. येणारीने दोन्हीकडे लिहायचं. लिहिता येत नसेल तर शेजारणीने लिहायचं. हे बघा, डावीकडे: ‘शाळेचे गणवेश शिवते, दिवसाला सहा.’ उजवीकडे: ‘उद्यम नोंदणी कशी करतात.’ खालच्या ओळीत डावीकडे: ‘करसल्लागाराकडे ऑफिस सांभाळते.’ उजवीकडे: ‘ब्लाउज वेळेवर देणारं कोणी सांगा.’ दोघी एकाच गल्लीत राहत होत्या, पण त्यांची गाठ पडली ती या पानावर. हळदपूड विकणाऱ्या एकीचा गाळ्याचा करार आमच्या वकीलबाईंनी वाचून दिला. बदल्यात वर्षाची हळद. वकीलबाई अजून म्हणतात, एवढी चांगली फी कुणी दिली नाही.

पण माझ्या मते वहीचा खरा उपयोग उजव्या बाजूचा आहे. एकदा पानं चाळताना दिसलं की ‘बस’ हा शब्द अकरा ठिकाणी आलाय. कपड्यांच्या दुकानात उभ्या राहणाऱ्या, औषधाच्या दुकानातल्या, कुपवाडच्या एमआयडीसीतल्या, सगळ्यांची एकच रड होती. दुकान साडेआठला बंद होतं आणि गावाकडची शेवटची बस सव्वाआठला सुटते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगलंच झालं. पण निघून गेलेल्या बसचं अर्धं तिकीट घेऊन करायचं काय? प्रत्येकीला वाटायचं, ही आपली एकटीची अडचण. मालकाला सांगितलं तर तो म्हणायचा, तुला घरी जायची भारी घाई.

आम्ही मोर्चा काढला नाही. निवेदनही आधी दिलं नाही. एकवीस दिवस प्रत्येकीने फक्त लिहिलं: दुकानातून किती वाजता सुटले, स्टँडवर किती वाजता पोचले, बस गेली की मिळाली, घरी कशी गेले आणि किती पैसे गेले. वडापचे, म्हणजे शेअर जीपचे पैसे, भावाच्या गाडीचं पेट्रोल, सगळं. तो तक्ता घेऊन सात जणी आगारात गेलो. साहेबांनी आधी हसून चहा मागवला, मग तक्ता वाचला, मग चष्मा लावून परत वाचला. दोन महिन्यांनी बस सव्वाआठची पावणेनऊ झाली. ‘आम्हाला फार त्रास होतो’ असं लिहिलं असतं, तर चहाच मिळाला असता.

कायद्याचंही तसंच. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी, हे आता बऱ्याच जणींना ठाऊक असतं. पण आपल्याकडच्या बहुतेक बायका चार-पाच माणसांच्या दुकानात असतात. त्यांना वाटतं, आपल्याला कायदाच नाही. आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार थेट मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. घरकाम करणाऱ्या बाईलाही तिथे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. आमच्या एका मैत्रिणीसाठी अशा समितीचा पत्ता शोधत तीन खेपा घातल्या. कुठल्या जिल्ह्यात ते सांगत नाही. तुम्ही इथला पत्ता गरज पडायच्या आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तुम्हाला सांगलीहून माणूस बोलवायची गरज नव्हती खरं तर. म्हसवड तुमच्याच जिल्ह्यात. तिथल्या माणदेशी महिला बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने परत केला, कारण प्रवर्तक बायका अंगठा लावणाऱ्या. बायका शिकल्या, हिशेब तोंडपाठ करून पुन्हा गेल्या, आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली. सावित्रीबाईंचं नायगावही तुमचंच.

आता एक अवघड गोष्ट, जी कुठल्या पत्रकात लिहीत नाहीत. गटात सगळ्या आल्या की बाई आणि तिच्याकडे भांडी घासणारी बाई एकाच बाकावर येतात. दीड वर्षापूर्वी उजव्या बाजूला एका मावशींनी लिहून घेतलं: ‘महिन्याला चार पगारी खाडे.’ वर्ग गप्प. आगारातल्या साहेबांपुढे आमच्या तोंडाचा पट्टा चालला होता, इथे कोणी बोलेना. कारण अर्ध्या जणी मालकीणी होत्या. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा, पण आमच्यातल्या किती जणींनी आपल्या मावशींची नोंदणी केली होती? एकीनेही नाही. एक म्हणाली, “खाडा दिला तर आम्ही ऑफिसला कसं जायचं?” दोघी पुढच्या वेळी आल्या नाहीत.

ते विचारणारी मी होते. आमच्याकडच्या मावशी माझ्या मागच्याच बाकावर बसल्या होत्या. त्यांचे खाडे मी कॅलेंडरवर लाल पेनाने मांडायचे आणि महिन्याअखेरीला कापायचे. त्या काही बोलल्या नाहीत. वीस रुपये काढून वर्गणीच्या डब्यात टाकले आणि बसला निघून गेल्या.

आता चार खाडे पगारी आहेत. मनापासून देते असं म्हणणार नाही, पाहुणे आले की चिडचिड होतेच. आज रविवार, मावशींचा खाडा. काल रात्रीची कढईसुद्धा तशीच होती. म्हणून ती बस चुकली.