तिखटाचा ठसका आणि श्वासनळीतली एनके२ ची भानगड

(दृश्य: सोलापूर, मिरची कांडपचं दुकान, दुपार)

उन्हाळा लागला की सोलापुरात वर्षाचं तिखट करायची घाई सुरू होते, आणि कांडपच्या दुकानासमोरनं नुसतं चालत गेलं तरी ठसका लागतोच, रुमाल बांधा नाहीतर नाकाला पदर लावा. हे काम मिरचीतल्या कॅप्सेसिनचं. श्वासनळीच्या आतल्या थरात सी फायबर नावाचे बारीक मज्जातंतू असतात, त्यांच्यावरचा टीआरपीव्ही१ हा रिसेप्टर (म्हणजे रसायन ओळखून पेशीला चालू करणारं बटणच) कॅप्सेसिननं पेटतो आणि भाजणाऱ्या उष्णतेनंपण. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमनं तो १९९७ ला शोधला, २०२१ ला त्यांना नोबेल मिळालं.

ठसका मेंदूच्या हुकमानं येतो. पण हे तंतू मेंदूला कळवून गप्प बसत नाहीत, जागच्या जागीच काही रसायनं सोडतात, तीच न्यूरोपेप्टाइड. त्यातलं सबस्टन्स पी १९३१ सालचं, फॉन ऑयलर आणि गॅडम या शास्त्रज्ञांना घोड्याच्या आतड्यात आणि मेंदूत सापडलेलं. दुसरं न्यूरोकायनिन ए, फक्त १० अमिनो आम्लांचं.

(दृश्य: श्वासनळीचं ॲनिमेशन)

आता खरी गंमत. पेप्टाइड काय करणार ते रिसेप्टरवर ठरतं. या पेप्टाइडचे रिसेप्टर म्हणजे एनके१ आणि एनके२. एनके१ वर बसलं की मुख्यतः कफ सुटतो, रक्तवाहिन्या पाझरतात, सूज येते. आणि नळीभोवतीच्या स्नायूवर असतो एनके२, तो चालू झाला की पेशीत कॅल्शियम वाढतं, स्नायू आखडतो, नळी अरुंद. माणसात हे आखडणं जास्त करून एनके२ च घडवतो, आणि एनके२ वर न्यूरोकायनिन ए ची पकड जास्त, म्हणून इथं ते सबस्टन्स पी पेक्षा भारी पडतं. अगदी बारीक नळ्यांमध्ये एनके१ चापण थोडा हात असतो म्हणा.

हे कळलं कसं? कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या फुफ्फुसातनं निरोगी नळीची चकती कापायची, ३७ डिग्रीच्या द्रावणात दोऱ्यानं टांगायची, पेप्टाइड टाकायचं आणि ओढ किती वाढली ते मोजायचं. यात एक लबाडी आहे, नळीचं अस्तर स्वतःच नेप्रिलायसिन नावाच्या एन्झाइमनं ही पेप्टाइड तोडून टाकतं, ते एन्झाइम औषधानं बंद केलं की तीच चकती कितीतरी जोरात आखडते. मग दम्यात अस्तर खरवडलेलं असेल तर काय होत असेल, विचार करा. दम्याच्या पेशंटला न्यूरोकायनिन ए हुंगवल्यावर नळ्या आवळल्या, हेपण माणसांवर तपासून झालंय.

मग एनके२ अडवणारं औषध दिलं की दमा संपला? तसं झालं नाही. गिनीपिगमध्ये हे सी फायबर तंतू नळी जबरदस्त आखडवतात, त्यावर सगळ्यांनी लई भरवसा टाकला, माणसात तोच परिणाम फिका निघाला आणि दम्यावरचं असं औषध काही बाजारात आलं नाही. माझ्या मते प्राण्यावरचा निकाल जरा घाईनंच माणसाला लावला गेला.

(दृश्य: यंत्रमागाचा कारखाना, कामगाराच्या हातात पंप)

सोलापुरातला दम्याचा पेशंट आज सालब्युटामॉलचा जो पंप ओढतो तो एनके२ ला हातच लावत नाही, बीटा२ रिसेप्टरवरनं स्नायू सैल करतो, मग तो कुणी का आखडवलेला असेना. रोज घ्यायचा स्टेरॉइडचा पंप मात्र सूज उतरवतो, आणि अस्तराच्या पेशींमध्ये नेप्रिलायसिन वाढवतो असंही लॅबमध्ये दिसलंय.