मुस्तफा विकत मिळत नाही

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांपैकी एका रस्त्यावर, आज जिथे मोबाइलच्या फुटलेल्या काचा बदलून मिळतात त्या गाळ्यात, नव्वदचे दशक सरत असताना व्हिडिओ गेमच्या चार लाकडी पेट्या होत्या. शाळा सुटल्यावर दप्तरासकट तिथे पोहोचणारी मुले मालकाकडे दोनपैकी एक मागणी करत: ‘काका, मुस्तफाचा कॉइन द्या’, नाहीतर ‘काका, सत्त्याण्णवचा द्या’.

मुस्तफा हे कॅपकॉम या जपानी कंपनीच्या १९९३ सालच्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’मधील एका पात्राचे नाव, गेमचे मूळ नाव जिभेवर बसत नसल्यामुळे आपल्याकडे अख्खा गेम त्या पात्राच्याच नावाने ओळखला गेला. सत्त्याण्णव म्हणजे एसएनके कंपनीचा ‘द किंग ऑफ फायटर्स ९७’. पहिल्यात दोघेतिघे मिळून शत्रूशी लढत, तर दुसऱ्यात गाठ थेट शेजारी उभ्या असलेल्या मुलाशी पडे. जिंकलेला पेटीपाशी टिकून राही आणि हरलेला खिसा चाचपत रांगेच्या शेवटी जाई. ई-स्पोर्ट्स हा शब्द कानावर येण्याच्या कितीतरी आधी स्पर्धेची शिस्त आणि प्रतिस्पर्ध्याविषयीचा आदर आम्ही त्या रांगेत शिकलो. मात्र हेही सांगितले पाहिजे की, देशभरातल्या अशा पार्लरांमध्ये पेटीच्या आत गेम चालवणारे बोर्ड सर्रास नक्कल केलेले असत, आणि त्या बोर्डांवर पडणाऱ्या कॉइनमधला एक पैसाही गेम घडवणाऱ्यांपर्यंत पोहोचत नसे.

फेब्रुवारी १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने ‘मेम’ नावाचे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले. पेटीतल्या चिपा जे काम करतात ते साध्या संगणकाकडून करून घेणारे हे एम्युलेटर होते. मराठवाड्यात ही गोष्ट समजावून सांगायला दाखला जवळच आहे. निजामाच्या काळातले जमिनीचे उर्दू कागद वाचून देणाऱ्या जाणकाराकडे आपल्यापैकी अनेकांना कधी ना कधी जावे लागते. वाचणारा त्या कागदाचा मालक होत नाही आणि वाचता येणे हा गुन्हाही नाही. पण समोर ठेवलेला कागद दप्तरखान्यातून पळवलेला असेल, तर जाब त्या कागदाविषयी विचारावा लागतो. एम्युलेटर हा वाचणारा आहे, आणि बोर्डातल्या चिपेतून काढलेली गेमची प्रत, जिला खेळाडू रॉम म्हणतात, ती तो कागद आहे. या दोहोंना एकाच मापाने मोजल्यामुळे गेल्या काही वर्षांत बराच अन्याय झाला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्पर्धा खेळणाऱ्यांना एम्युलेटर केवळ जुन्या आठवणींसाठी लागत नाही. असे गेम सेकंदाला सुमारे ६० चित्रे दाखवतात, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६ मिलिसेकंद येतात, आणि तेवढ्या अवधीत लातूरच्या खेळाडूने दाबलेले बटण दुसऱ्या शहरात पोहोचणे बहुतेकदा शक्य नसते. ‘ईव्हीओ’ या प्रख्यात स्पर्धेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या टोनी कॅनन यांनी यावर रोलबॅकची पद्धत रूढ केली. प्रतिस्पर्धी पुढच्या क्षणी काय दाबेल याचा अंदाज बांधून गेम पुढे चालू ठेवायचा, आणि अंदाज चुकला तर काही चित्रे मागे जाऊन, डोळ्यांना जाणवण्याआधी, तो भाग पुन्हा चालवायचा. त्यासाठी गेमची संपूर्ण स्थिती क्षणोक्षणी साठवावी लागते. जुन्या बोर्डाला ते जमत नाही, एम्युलेटरला जमते. जुने गेम इंटरनेटवरून एकमेकांशी खेळू देणारी फाइटकेड ही सेवा याच पायावर उभी आहे. ती एम्युलेटर देते, रॉम देत नाही. तो खेळाडूने स्वतः आणायचा असतो, आणि कुठून आणला हे, खेळाडू जमतात त्या लॉबीत, कुणी विचारत नाही.

हा न विचारलेला प्रश्न २०२० मध्ये जाहीरपणे पुढे आला. निन्टेन्डोचा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ २००१ सालचा, इंटरनेटवर खेळण्याची सोय नसलेला गेम. करोनामुळे मैदानातल्या स्पर्धा बंद पडल्या असताना जूनमध्ये डॉल्फिन एम्युलेटरवर चालणाऱ्या ‘स्लिपी’ या सॉफ्टवेअरने त्याला रोलबॅक मिळवून दिला आणि विखुरलेले खेळाडू घरातून एकमेकांशी खेळू लागले. डिसेंबरमध्ये ‘द बिग हाउस’ या स्पर्धेची ऑनलाइन आवृत्ती व्हायची होती. निन्टेन्डोच्या कायदेशीर नोटिशीनंतर ती नोव्हेंबरमध्येच रद्द झाली. स्लिपीसाठी गेमच्या बेकायदा प्रती लागतात, असे कंपनीचे म्हणणे होते. ज्याच्या कपाटात मूळ डिस्क आहे त्यालाही एम्युलेटरसाठी तिची प्रत काढावीच लागते, हे खरे. पण त्या वर्षी तो गेम इंटरनेटवर खेळण्याचा दुसरा कोणताही मार्ग कंपनीने दिलेला नव्हता, हेही तितकेच खरे आहे.

युझूचे प्रकरण वेगळे होते आणि ते वेगळे ठेवले पाहिजे. निन्टेन्डोच्या स्विच या तेव्हा बाजारात असलेल्या गेमच्या यंत्राचे हे एम्युलेटर. झेल्डा मालिकेतला २०२३ सालचा गेम विक्रीला येण्याआधीच दहा लाखांहून अधिक वेळा बेकायदा उतरवला गेला, असा आरोप करत निन्टेन्डोने फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत दावा लावला, आणि आठवडाभरातच २४ लाख डॉलरवर तडजोड होऊन युझू बंद झाले. दुकानात पोहोचायच्या आधीच गेम फुटतो, तेव्हा तो घडवणाऱ्यांच्या कष्टावर डल्ला पडतो. येथे आमची सहानुभूती कंपनीकडे आहे. तडजोड झाल्यामुळे एम्युलेटर मुळातच कायदेशीर आहे की नाही, यावर या दाव्यात न्यायालयाने काही ठरवले नाही.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. त्याचे कलम ५२ सॉफ्टवेअरची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, ती खराब होण्याच्या किंवा हरवण्याच्या धास्तीपोटी, राखीव प्रत काढू देते. कलम ६३ब मात्र बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवसांच्या कैदेची आणि किमान ५० हजार रुपये दंडाची तरतूद करते. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळू शकते. म्हणजे घरी एकट्याने खेळणारा आणि प्रवेश फी घेऊन स्पर्धा भरवणारा हे कायद्याच्या दृष्टीने सारखे नाहीत, आणि आपल्या भागातल्या आयोजकांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

आम्ही स्वतः ते ध्यानात घेतले नव्हते. तेव्हाच्या औरंगाबादेत एका महाविद्यालयाच्या महोत्सवात आम्ही काउंटर-स्ट्राइकची स्पर्धा भरवली आणि एकाच पेनड्राइव्हमधून दहा संगणकांवर क्रॅक केलेला गेम टाकला. अंतिम सामन्याआधी दोन संगणक बिघडले, कुणीतरी दुसरी प्रत आणली, तिच्यासोबत व्हायरस आला आणि त्या प्रयोगशाळेत ठेवलेले कनिष्ठ विद्यार्थ्यांचे प्रकल्प पुसले गेले. त्या मुलांची माफी मागताना झालेली लाज आजही तशीच आहे. पुढे २०१८ च्या डिसेंबरमध्ये त्याच मालिकेतला ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ मोफत झाला, आणि पेनड्राइव्ह घेऊन फिरण्याचे कारणच उरले नाही. छापे आणि नोटिसा यांपेक्षा परवडणाऱ्या, सहज मिळणाऱ्या खऱ्या प्रतीने चोरी अधिक कमी होते, असे आम्ही अनुभवाने म्हणतो.

सत्त्याण्णवचेही तसेच झाले. २०१८ मध्ये त्याची इंटरनेटवर खेळता येणारी अधिकृत आवृत्ती आली. स्पर्धा भरवायची असेल तर ती विकत घ्यावी, तिथे सबब चालणार नाही. मुस्तफाची गोष्ट निराळी आहे. तो एका कॉमिकवर बेतलेला असल्यामुळे त्याचे हक्क एकट्या कॅपकॉमकडे नाहीत, आणि त्याच वर्षी कंपनीने आपल्या अशा जुन्या गेमचा संच काढला तेव्हा मुस्तफा त्यात नव्हता. तो एकटाही नाही. अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत, असे तिथल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले.

या विषयावरच्या आमच्या चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी गंजगोलाईच्या त्या पार्लरचे काका आम्हाला गाळ्याच्या माळ्यावर घेऊन गेले. पेट्या कधीच भंगारात गेल्या होत्या, पण वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक बोर्ड त्यांनी जपून ठेवला आहे. तो नक्कल केलेला असल्याचे ते लपवत नाहीत. नातवाला मुस्तफा दाखवायचा आहे, त्याचे जे काही पैसे होतील ते द्यायची तयारी आहे, पण ते कुठे भरायचे, असे त्यांनी विचारले. आमच्याकडे सांगण्यासारखे दुकान नव्हते. काकांनी बोर्डावरची धूळ पुसली, तो पुन्हा कागदात गुंडाळला आणि आम्हाला खाली उतरायला हात दिला.